भावनासाठी गोल घर

"भिंत कुठं संपते आणि छत कुठं सुरू होतं, तेवढं या नकाशावर दाखवा," तालुक्याच्या बांधकाम ऑफिसातले प्रविण साहेब माझ्या भावाला तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. सुगतनं मला घरूनच बजावून आणलं होतं, "ताई, तू तिथं बोलू नोको." पण तिसऱ्यांदा म्हणजे हद्द झाली. मी म्हटलं, "साहेब, तुमचं कपाळ कुठं संपते अन् टाळू कुठं सुरू होते, ते आधी दाखवा. मग आम्ही घराचं दाखवतो."

सगळं ऑफिस हसलं. साहेबांना टक्कल असल्यामुळे जरा जास्तच हसलं. साहेबही हसले, पण सही काही केली नाही.

सुगत माझा धाकटा भाऊ. सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, तमिळनाडूत मातीच्या दाबलेल्या विटांची घरं बांधणाऱ्या एका संस्थेत काही वर्षं राबून आलेला. त्याला घुमटाचं घर बांधायचं होतं. खालून गोल सुरू करायचं आणि वीट वीट आत कलत कलत वर नेऊन मिटवायचं. लोखंड नाही, स्लॅब नाही, टिन नाही. जाड मातीची भिंत दिवसभर उन्हाला बाहेरच अडवून धरते आणि आत जमलेली गरम हवा माथ्यावरच्या भोकातून निघून जाते. कूलर लागत नाही, त्यामुळे वीज असली काय आणि नसली काय. हे मला तोंडपाठ आहे, कारण त्या ऑफिसातल्या प्रत्येक टेबलासमोर त्यानं ते सांगितलं आणि दर वेळी मी शेजारी उभी होते.

नियमाच्या पुस्तकात मात्र घर म्हणजे चार भिंती. भिंतीला ठरावीक उंची हवी, दाराखिडक्यांवर लिंटेल हवा आणि त्याच्या वर छत. आमच्या घराला भिंत म्हणाल तर सगळी भिंतच, छत म्हणाल तर सगळं छतच. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्या कागदावर भरायला रकाना होता आणि आमच्याकडं त्यात घालायला काही नव्हतं.

हौस म्हणून चाललं नव्हतं हे. घर भावनासाठी हवं होतं. भावना म्हणजे सुगतची बायको. काही वर्षांमागं रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, बायका घेऊन जाणारी ट्रॅक्टरची ट्रॉली बांधावरून घसरून उलटली. बाकीच्यांना खरचटलं, हिची मान मोडली. मानेखालचं अंग गेलं. हात थोडेफार हलायचे, बाकी नाही. सुगत नोकरी सोडून आला तो तेव्हा. आणि नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हाला अशी गोष्ट सांगितली, जी आम्ही कधी ऐकलीसुद्धा नव्हती. मानेखाली तिला आता घाम येणार नाही. घाम नाही म्हणजे अंग निवत नाही. बाहेर जेवढं तापेल तेवढी ती तापणार.

आणि आम्ही राहतो टिनाखाली. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. नव्या गावाला सरकारनं नाव दिलंय, पण ते कुणी घेत नाही, सगळे 'पुनर्वसन'च म्हणतात. प्लॉट मिळाले, सिमेंटचे रस्ते मिळाले. सावली काही मिळाली नाही, ती जुन्या गावातल्या चिंचांबरोबर पाण्यात गेली. मागच्या मे महिन्यात एका दुपारी लाइन गेली, कूलर बंद पडला आणि भावना बेशुद्ध झाली. कपाळावर हात ठेवला तर चटका बसला मला. वाचली त्या खेपेला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सुगतला बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा असं झालं तर ही राहणार नाही." एसी लावा म्हणणारे शहाणे खूप भेटले. आमच्या ट्रान्सफॉर्मरवर दुपारच्या वेळी चालत्या पंख्याची पाती मोजता येतात, तिथं एसी कसला चालतोय. म्हणजे पुढचा उन्हाळा पेटायच्या आत घर उभं राहायला हवं होतं. राहिलं तर भावना राहील, नाही तर नाही. इतकं सरळ होतं ते.

शेवटी प्रविण साहेबांनीच तोड काढली. दिवाळी उलटून गेल्यावर एकदा त्यांनी नकाशा पुढं ओढला, पट्टी घेतली आणि घुमटाच्या मधोमध पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारली. "ही घ्या. हिच्या खाली भिंत, हिच्या वर छत." सही केली, शिक्का मारला. मग चष्मा काढून म्हणाले, "सुगतराव, एक सांगतो. घुमट पाहिला की लोकांना देऊळ-मशीद-स्तूप सगळं आठवते. हे घर आहे, घरासारखं दिसू द्या. बाहेर दोरी बांधा अन् कपडे वाळत घाला."

मी येताना एसटीत हसून हसून बेजार झाले. सुगत हसला नाही. त्यानं घरी येऊन पहिल्यांदा दोरीसाठी दोन बांबू गाडले.

मग कामाला लागलो. माती आणि मुरूम चाळायचे, थोडं सिमेंट घालायचं, हाताच्या मशिनीत दाबून वीट काढायची आणि सावलीत सुकवायची. मी अंगणवाडी सुटली की मातीत उभी. आमची माय, मालनबाई, गुडघे धरत धरत विटांवर पाणी शिंपायची. सुगतनं मधोमध खुंटी ठोकून तिला दोरी बांधली होती. प्रत्येक वीट त्या दोरीनं तपासून बसवायची, म्हणजे गोल चुकत नाही. भावनाची बाज आम्ही टिनाच्या घराच्या दारात ओढून ठेवायचो. तिथून तिचं मुकादमासारखं बोलणं चालायचं.

"काहो, मले ढोलीत भरून ठेवता का धानासारखं?" ती सुगतला विचारायची.

"होय. किडा नाही लागणार तुले."

"अन् भूक लागली त वरच्या भोकातून शिदोरी टाकजा."

सुगतनं खिडक्या बाजेच्या उंचीला ठेवल्या होत्या, म्हणजे पडल्या पडल्या तिला रस्त्यावरची माणसं दिसावीत. दार तर इतकं रुंद की बाज तिरपी न करता आत जाईल. उशाकडं भिंतीत एक कोनाडा काढला होता. तिची औषधं आणि पाण्याचा तांब्या ठेवायला.

एप्रिलच्या शेवटी घुमट मिटला. बाहेरून चुन्याचा पांढरा हात फिरला. भर दुपारी मी पहिल्यांदा आत जाऊन उभी राहिले तेव्हा मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय. बाहेर डांबर विरघळत होतं आणि आत तळ्याच्या काठावर उभं राहिल्यासारखं वाटत होतं. मी सुगतला म्हटलं, "आजच आणू तिले." तो म्हणाला, "आतला चुना ओला आहे ताई, तिच्या छातीला बाधेल. अन् साहेबांचा पूर्ण झाल्याचा दाखला येऊ दे. इतकं सगळं नियमानं केलं, आता आत जायलेही नियमानंच जाऊ." सुगतचा स्वभावच असा. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी तो सायकल डाव्या बाजूनंच चालवणार.

मध्ये बुद्धपौर्णिमा आली.

इथं जुन्या गावातल्या विहाराचं सांगायला हवं. आमच्या आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतल्यावर तो स्वतःच्या हातानं बांधला होता. पाणी चढायला लागलं तेव्हा बायका रडत होत्या, पुरुष सामान भरत होते, आणि आमच्या मायनं आतली बुद्धाची मूर्ती पोटाशी धरून डोंग्यातून आणली. नव्या गावात विहाराला जागा मिळणार होती. ती मोजणी होऊन, अडकून, अजून मिळायचीच आहे. तोवर मूर्ती आमच्या टिनाखाली एका स्टुलावर. दर पौर्णिमेला वस्ती आमच्याकडं जमायची आणि घामानं निथळत वंदना म्हणायची.

या खेपेला अंकुश आदल्या दिवशी आला. अंकुश आमचा चुलतभाऊ आणि वस्तीच्या बौद्ध कमिटीचा सचिव. सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा, मी त्याचं कौतुकच करत आले होते. तो मायला म्हणाला, "काकू, उद्या एवढी माणसं या टिनाखाली बसली त भावनाचा जीव गुदमरंल. उद्याच्या दिवस मूर्ती घुमटात बसवू. लोकायलेही थंड वाटंल, तिलेही त्रास नाई."

भावनाच्याच भल्यासाठी म्हणाला तो. यात मला आजही शंका नाही, आणि म्हणूनच कुणाचा गळा धरावा ते कळत नाही.

मायनं मूर्ती नेली आणि कोनाड्यात ठेवली. अगदी मापात बसली. संध्याकाळी सगळ्यांनी मेणबत्त्या लावल्या, कुणी तरी माथ्यावर पंचशील ध्वज चढवला. वंदना सुरू झाली आणि आवाज त्या गोल भिंतीवरून फिरून असा भरून आला की पुढच्या ओळी म्हणायलाच कुणाला सुचेना. जुन्या विहारात असंच घुमायचं. गिरजाबाई नावाची आमची म्हातारी शेजारीण मोठ्यानं रडली, "आपला विहार परत आला वो माय." माझ्याही डोळ्याला पाणी आलं. बाजेवरून भावना ऐकत होती. मी परत आले तेव्हा म्हणाली, "ताई, माझ्या घरात किती गोड आवाज येते वो."

दुसऱ्या दिवशी मी मूर्ती आणायला गेले, तर आत सतरंजी अंथरलेली आणि गिरजाबाई सुत्त म्हणत बसलेली. मी म्हटलं, "आजी, उठा, मूर्ती नेते." तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी चोरी करायला आलेय. मग अंकुश आला, म्हणाला, "राहू दे ना ताई चार दिवस. चुना सुकेपर्यंत तशीही रिकामीच आहे जागा." मी सुगतकडं पाहिलं. सुगत जमिनीकडं पाहत होता. ज्यांनी विटा उचलायला मदत केली त्या माणसांना उठा म्हणायचं त्याच्या जिभेवर येईना.

चार दिवस व्हायच्या आत तेजरामचा अर्ज गेला.

तेजराम आणि त्याची बायको गोदावरी आमच्या पलीकडच्या प्लॉटवरची. त्यांचाही जुना मारुती पाण्याखाली गेला. नवा टिनाच्या आडोशाला बसलाय. तेजरामनं स्वतःच्या प्लॉटवर देऊळ बांधायची परवानगी मागितली होती, तेव्हा 'हे प्लॉट राहण्यासाठी आहेत, प्रार्थनास्थळाला जिल्ह्याची परवानगी लागेल' म्हणून नकार आला होता. आता त्याच्या भिंतीला लागून ध्वज फडकतोय आणि सकाळ-संध्याकाळ वंदना ऐकू येतेय. त्याच्या जागी मी असते तर मीही अर्ज केला असता, आणि दोन दिवस आधी केला असता.

नायब तहसीलदार आले, पोलीस आले, प्रविण साहेब आले. त्यांनी आत पाहिलं. कोनाड्यात मूर्ती, खाली मेण, दारात चपलांचा ढीग. दोन बांबूंमधली दोरी तेवढी रिकामी होती. प्रविण साहेब माझ्या जवळून जाताना हळूच म्हणाले, "बाई, कपडे वाळत घाला म्हटलं होतं ना मी."

तोवर दोन्हीकडची माणसं जमली, आवाज चढले. नायब तहसीलदारांनी तिथंच कागद काढला. निर्णय होईपर्यंत 'जैसे थे'. मूर्ती हलवायची नाही, कुणी आत जायचं नाही, कुणी राहायचं नाही. दाराला कुलूप लागलं आणि किल्ली पोलीस पाटील टिकाराम यांच्याकडं गेली. सुनावणीची तारीख मिळाली ती नवतपा संपल्यावरची. मे अखेरचे ते दिवस म्हणजे आमच्याकडं भट्टीच. साहेबांच्या कॅलेंडरमध्ये ती नुसती पुढची मोकळी तारीख होती.

मी तेजरामकडं गेले. भांडायला गेले होते खरं तर. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. "हर्षाबाई," तो म्हणाला, "मी घराविरुद्ध अर्ज नाई केला. भावना अन् माही गोदावरी एकाच ट्रॉलीत होत्या, मले का समजत नाई? तुमच्या कमिटीनं लिहून द्यावं का हे घरच हाय, अन् मूर्ती हलवावी. मी त्याच घडीले अर्ज वापस घेतो."

असं झालं असतं तर दोन दिवसांत कुलूप निघालं असतं. मी पळतच अंकुशकडं गेले. कमिटी बसली. मी आयुष्यात इतकं नरम कधी बोलले नव्हते. मग अंकुश म्हणाला, "ताई, पाण्यापायी मूर्ती उठवली एकदा. आता कोणाच्या अर्जापायी उठवायची? आमच्या लेकरायले काय सांगू, का तक्रार झाली अन् भगवंतानं जागा सोडली?"

"भगवंतानं स्वतःच्या हातानं आजारी भिक्खूले आंघोळ घातली होती," मी म्हटलं. "तूच सांगतोस ना दर वर्षी? त्यायले विचारलं असतं त ते आपणहून उठले असते."

"तारखेले आपल्यासारखंच होईल. तोपर्यंत कळ काढा."

"नवतप्यात कळ कोण काढणार आहे अंकुश? तू का ती?"

त्यानं कमिटीचं रजिस्टर मिटलं. बाकीचे चपला शोधायला लागले. सगळी आपली माणसं, लहानपणापासूनची. दगड असते तर मी डोकं तरी आपटलं असतं. मला तेव्हाच कळून चुकलं की आता काही होणार नाही, आणि तरी मी रोज कुठं ना कुठं अर्ज घेऊन फिरत राहिले. आजारी बाईला तेवढं आत ठेवू द्या, असा अर्ज. ऑफिसातला माणूस चांगल्या शब्दांत म्हणाला, "राहायला दिलं तर एक बाजू म्हणेल निकाल लागला, अन् नाही दिलं तर तुम्ही म्हणता माणुसकी नाही. आम्ही काय करावं?" एका टेबलावर विचारलं, "दवाखान्यात का नाही ठेवत?" ठेवलं होतं. अपघातानंतरच्या मुक्कामात तिच्या पाठीला हाडापर्यंत जखमा झाल्या होत्या. दवाखाना म्हटलं की ती सुगतचा हात दातांत धरायची.

मायला मी एका संध्याकाळी खूप बोलले. "तूच नेऊन ठेवली ना? तूच आण. टिकारामभाऊ तुले किल्ली नाही म्हणणार नाहीत." माय उठली, पदर सावरला, घुमटाच्या दारापर्यंत गेली. किती तरी वेळ कुलपासमोर हात जोडून उभी राहिली आणि तशीच परत आली.

"हात उठत नाई वो बाई," ती म्हणाली. "डोंग्यात पोटाशी धरून होतो मी त्यायले. आता कोणत्या तोंडानं म्हनू का निघा?" आणि ती भावनाच्या बाजेपाशी बसून तिचे पाय ओल्या फडक्यानं पुसायला लागली.

नवतपा लागला. ओली लुगडी अंगावर टाकायची, ती वाळायच्या आत दुसरी. कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फ. भावनाचं बोलणं कमी होत गेलं. एकदा म्हणाली, "ताई, तुमी सगळे आपले घामानं चिंब होता. मले तुमचा हेवा वाटते." मी हसले. मग मागच्या अंगणात जाऊन रडले.

त्या दुपारी लाइन गेली ती आलीच नाही. फोन केला तर ट्रान्सफॉर्मर जळाल्याचं कळलं. भावनाचे डोळे फिरायला लागले, ती भलतंच बोलायला लागली. रोवणा झाला का, चिखल थंड आहे, असं. सुगतनं माझ्याकडं पाहिलं. तो कधी रांग न मोडणारा माझा भाऊ कोपऱ्यातून लोखंडी घन उचलून म्हणाला, "ताई, बाजेचं पायथ्याचं टोक धर."

एका हातात घन, एका हातात बाजेचा उशाकडचा दांडा, असा तो चालला. अंगण ओलांडायचं होतं फक्त. पण लोक जमायला किती वेळ लागतो? टिकारामभाऊ पुढं आले, "सुगत, कुलूप तोडशील त माह्यावर येईल बा." मागून अंकुश धावत आला आणि दारासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. "सुगत, ऐक. आज तोडलं त उद्या ते बुलडोझर आणतील. मंग ना घर, ना विहार. गाडी बोलावतो मी, दवाखान्यात नेऊ."

"बाजूले हो अंकुश."

"मी हटत नाही."

सुगतनं बाज खाली ठेवली आणि घन दोन्ही हातांत घेतला. मी ओरडले, "मार!" अंकुशला म्हटलं की कुलपाला, मला माहीत नाही. तेवढ्यात माय मध्ये आली आणि सुगतच्या पायांना मिठी मारून बसली. "घन नको मारू रे दारावर, आत ते बसले हायेत. पाया पडतो तुह्या, घन नको मारू." लेकाच्या पाया पडणारी माय. सुगतचे हात वर तसेच राहिले आणि मग हळूहळू खाली आले. मी तो घन का घेतला नाही? माझे हात मोकळे होते. मी नुसती सगळ्यांना शिव्या देत होते, तोंडाला येतील त्या.

बाजेवरून भावना म्हणाली, "ऊन लागते वो. घरी चला." तेव्हा ती शुद्धीवर होती. ते वाक्य तिनं अगदी नीट म्हटलं.

अंकुश गाडीसाठी फोन करत होता, ॲम्ब्युलन्स पवनीहून निघायची होती. तोवर तेजरामनं स्वतःची पिकअप दारात आणून लावली. बाजेसकट भावनाला मागं चढवलं. तेजराम चालवत होता, अंकुश तिच्या अंगावर कॅनमधून पाणी ओतत होता आणि रडत होता. माणसं अशी असतात. मला त्यांना माणसं म्हणावंसं वाटत नव्हतं, पण होती ती माणसंच. सुगत तिचं डोकं मांडीवर घेऊन तिला खिडक्यांचं काही तरी सांगत होता.

कारध्याच्या पुलावर गाडी चढली. वैनगंगेवरून वाऱ्याचा झोत आला. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "भावना, नदी आली. वारा पाह्य कसा लागते." सुगतनं माझा हात धरला. "ताई," तो म्हणाला, "कोणाले सांगते?"

तेजरामनं त्याच आठवड्यात अर्ज मागं घेतला. तक्रारच उरली नाही, मग सुनावणी कशाची? टिकारामभाऊंनी किल्ली सुगतच्या हातात आणून दिली. त्यानं ती कुठं ठेवावी ते न कळून खिशात टाकली.

भावनाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घुमटात ठेवायचं कमिटीनं ठरवलं. सुगत हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही. पाऊस अजून आला नव्हता, बाहेर तसंच भाजत होतं. वस्ती सगळी आली. गोदावरीबाई आणि तेजरामही येऊन दाराजवळ बसले. कोनाड्यात मूर्ती, तिच्या खाली भावनाचा लग्नातला फोटो मोठा करून ठेवलेला. वंदना झाली. अंकुश उभा राहिला आणि म्हणाला की सगळ्यांची इच्छा असेल तर या जागेला भावनाचं नाव देऊ, रीतसर परवानगीसाठी कमिटी अर्ज करेल. लोकांनी हात जोडले. सुगत उठला, माणसांमधून वाट काढत बाहेर गेला आणि टिनाखालच्या घरात जाऊन बसला. दार लावून घेतल्याचा आवाज आला.

मला त्याच्या मागं जायचं होतं. पण कितीतरी दिवसांनी माझ्या पाठीवरचा घाम सुकला होता, आणि अंग तिथून हलायला तयार नव्हतं. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. शेजारी गिरजाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं डोळे मिटले, सुस्कारा सोडला आणि माझ्या मांडीवर थोपटत म्हणाली, "पोरीनं मोठं पुन्य केलं वो हर्षा. किती थंड हाय इथं."

मी मान वर करून पाहिलं. सगळी वस्ती तिथं मांडीला मांडी लावून बसली होती आणि तरी भिंतीशी जागा उरली होती. बाज टाकता आली असती.